सतरंज्या उचलणारे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये दोनदा सुरुवात केली होती, पण एकदा घरात लग्न निघालं आणि एकदा निव्वळ आळस आडवा आला. "काय रे, लिहिणं सोडलंस का?" असं ज्यांनी विचारलं (नागपूरची आत्या आणि दोन ब्लॉगमित्र, एकूण वाचकवर्ग तीन), त्यांच्यासाठी हे. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या चंद्रपूरच्या वक्तृत्व मंडळाबद्दल तुम्ही माझ्याकडून अधूनमधून ऐकलं असेलच. दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही वीस-पंचवीस जण जमतो. शिक्षक, वीज केंद्रातले इंजिनियर, कोळसा खाणीतले बाबू, कॉलेजची पोरं, दोन-तीन गृहिणी. कोणी तयारी करून सात मिनिटं बोलतं, कोणी चिठ्ठी उचलून दोन मिनिटं, आणि मग दुसऱ्या कोणीतरी उठून काय जमलं, काय चुकलं ते सांगायचं. ही पद्धत आमची नाही. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी 1924 साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी वायएमसीएच्या तळघरात टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला, तिथून ती जगभर गेली आणि फिरत फिरत आमच्या माडीवर पोचली. आम्ही त्यांची शाखा वगैरे नाही, नुसती उसनवारी.

त्या पद्धतीतली मला आवडणारी गोष्ट म्हणजे न बोलणाऱ्यालाही तिथे पाट मांडलेला असतो. घड्याळ लावून बसणारा वेगळा, व्याकरणावर कान ठेवणारा वेगळा, "म्हणजे... म्हणजे..." किती वेळा झालं ते मोजणारा वेगळा. प्रत्येकाचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर असतं आणि शेवटी उभं राहून आपला हिशोब तो सांगतो. पण माडीची किल्ली आणणारा अशी भूमिका त्या पत्रिकेत नाही. ती सांता आनाला लागत नसावी.

आमची किल्ली काकाजींकडे असते. एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. रविवारी साडेसातला येऊन खिडक्या उघडतात, सतरंज्या अंथरतात, माठ भरतात. इतकं तर कोणीही करेल म्हणा. पण शनिवारी रात्री ज्याच्या भाषणाची पाळी आहे त्याला फोन जातो, "तयारी झाली का बाबू?" ज्याची झाली नसेल, किंवा झालेली असून पाय लटपटत असतील, त्याला ते सकाळी लवकर बोलावतात आणि रामाळा तलावाच्या काठाने चालवत नेतात. चालता चालता त्याने भाषण म्हणायचं, यांनी ऐकायचं. बल्लारपूरहून येणारी एक मुलगी पहिले चार महिने नाव सांगून खाली बसत असे. ती आज निवडणुकीच्या प्रशिक्षणात शंभर माणसांसमोर माईक धरते. तलावाच्या किती फेऱ्या झाल्या ते तिलाच ठाऊक. काकाजी स्वतः मात्र या सगळ्या वर्षांत एकदाही ठरवून बोललेले नाहीत. चिठ्ठीसुद्धा उचलत नाहीत.

गेल्या वर्षी आमचा वार्षिक दिवस झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, आभाराची यादीही मीच केली होती. उत्कृष्ट वक्ता, उत्कृष्ट मूल्यमापक, वाचनालयाचे पदाधिकारी, माईकवाला, फोटोवाला, समोसेवाला. चौदा नावं. समोसेवाल्याच्या नावाला हशा आणि टाळ्याही आल्या. खाली उतरून बघतो तो काकाजी एक सतरंजी एकट्याने घडी घालत होते, दुसरं टोक हनुवटीखाली धरून. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पंधरावं नाव राहिलं होतं.

मी धावत जाऊन दुसरं टोक धरलं. ते म्हणाले, "छान झाला कार्यक्रम." पुढच्या रविवारी साडेसातला माडी उघडी होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं, खरं सांगतो.

या वर्षी म्हणून कार्यकारिणीत मीच ठराव मांडला की काकाजींना 'उत्कृष्ट कार्यकर्ता' म्हणून शाल, श्रीफळ, मानपत्र द्यायचं. मानपत्र मी लिहिणार. ठराव एकमताने पास. आणि काकाजींनी तो एका वाक्यात नापास केला. "शाल घेतली का सतरंजी उचलाले लाज वाटन जी. मंग ते काम कोण करन?"

मी निरुत्तर. आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की आपल्याकडे अशा माणसांचं आजवर काय केलं गेलं? बोलण्याच्या जागा आपण पुष्कळ उभ्या केल्या. बोलणाऱ्यांचा इतिहासही आहे. पण सतरंज्या?

सुरुवात घरापासून केली. बाबांच्या लोखंडी पेटीत एक बिल्ला आहे. गुलाबी रिबिनीचा, आता मातकट झालेला, त्यावर 'स्वयंसेवक' एवढाच शब्द. 1979 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या चंद्रपूरला भरलं होतं, अध्यक्ष वामन कृष्ण चोरघडे. बाबा तेव्हा पंचविशीत. त्यांची नेमणूक स्टेशनवर. येणाऱ्या पाहुण्यांना उतरवून घ्यायचं, सामान रिक्षात चढवायचं, उतरण्याच्या जागी पोचवायचं. गाड्या अवेळी येणार म्हणून रात्रीचा मुक्काम फलाटावर. "चोरघड्यांचं भाषण कसं झालं होतं?" असं मी लहानपणी विचारलं की ते म्हणायचे, "चांगलंच झालं असेल. मी स्टेशनवर होतो." एका मोठ्या लेखकाची वळकटी आपण खांद्यावर वाहिली हे मात्र ते अगदी शेवटपर्यंत सांगत. कोणाची, ते कधीच सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना स्वतःलाच माहीत नसावं.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी, 2012 च्या फेब्रुवारीत, संमेलन पुन्हा चंद्रपूरला आलं. पंच्याऐंशीवं, अध्यक्ष वसंत आबाजी डहाके. यावेळी मी श्रोता म्हणून मंडपात होतो, खुर्चीवर. आता गंमत बघा. 1979 म्हटलं की चोरघडे आणि 2012 म्हटलं की डहाके, हे कुठल्याही यादीत एका मिनिटात सापडतं. फलाटावर झोपणाऱ्यांची यादी कुठे आहे? बाबांच्या बिल्ल्यावर तर त्यांचं नावही नाही. म्हणजे तो हरवला असता आणि दुसऱ्या कोणाला सापडला असता, तर तो माणूसही तितकाच स्वयंसेवक झाला असता.

हे फक्त आमच्याकडेच असंही नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, आजही चालते. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. काय सुंदर नाव आहे! वक्तृत्वाला उत्तेजन द्यायचं म्हणजे वक्त्याला द्यायचं, हे त्या काळी बरोबरच होतं. चारचौघांत उभं राहून सार्वजनिक प्रश्नावर बोलणं हीच नवी गोष्ट होती. पण दीडशे वर्षं एखादी व्याख्यानमाला चालते ती काही फक्त वक्त्यांच्या जोरावर नाही. वक्ता एक संध्याकाळ येतो. दरवर्षी पत्रं लिहिणारा, दिवे लावणारा, वक्ता ऐनवेळी आजारी पडल्यावर दुसरा शोधायला पळणारा कोणीतरी असतोच. आपल्या भाषेत त्याच्यासाठी शब्द आहे तोही कसा? "आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?" राजकारणातलं हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. म्हणजे सतरंजी ही पायरी आहे, आणि तिच्यावरून खुर्चीकडे जायचं असतं. जो गेला नाही तो बिचारा.

सरकारी सन्मानाचं तर विचारूच नका. आमच्या चिमूरचं उदाहरण घ्या. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. गाव उठलं, गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले आणि मग लष्कराने गावावर, विशेषतः बायकांवर, जो अत्याचार केला त्याच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपवास केला. या उठावाला माणसं तयार झाली ती शब्दांनी. तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगाव फिरली होती आणि म्हणून सरकारने त्यांनाही त्याच महिन्यात अटक करून तुरुंगात टाकलं. पुढे 1972 मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, निवृत्तिवेतन सुरू झालं. योग्यच झालं. पण निवृत्तिवेतनाचा साधारण निकष होता सहा महिन्यांचा तुरुंगवास, बायकांना तीन महिने. त्याचा कागद हवा. जिने रात्री कोणालातरी घरात लपवलं, भाकरी बांधून दिली आणि पकडलीच गेली नाही, तिच्या नावाचा दाखला कुठून निघणार? चांगलं काम केलं म्हणूनच ती सापडली नाही, आणि सापडली नाही म्हणून ती कागदावर नाही.

इथवर आल्यावर मला वाटलं की काकाजींचं म्हणणं बरोबर असावं, सोडून द्यावा नाद. पण मग मेंढा आठवलं.

गडचिरोली जिल्हा 1982 साली आमच्या चंद्रपुरातून वेगळा झाला, तरी आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून 'आपलाच' असतो. तिथे धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं शंभरेक घरांचं गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावासकट त्याला मेंढा-लेखा म्हणतात. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, वनहक्क कायद्याखाली देशात अगदी पहिल्यांदा झालेल्यांपैकी एक. मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' वाचलं नसेल तर जरूर वाचा.

मेंढ्याची गोष्ट जंगलाची म्हणून सांगितली जाते. मला ती बोलण्याची वाटते. वक्तृत्वाची नव्हे, बोलण्याची. तिथे दोन वेगळ्या बैठका आहेत. एक अभ्यास गट. त्यात एखादा विषय घेऊन चर्चा करायची, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं, वाटेल ते विचारायचं, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं. बायकांसकट सगळ्यांचं ऐकून घ्यायचं.

मेंढ्याला मी एकदाच गेलोय. त्या दिवशी सभा नव्हती, माणसं धानाच्या कामात होती. बसची वाट बघत झाडाखाली बसलो तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली, जी पुस्तक वाचताना आली नव्हती. एक जण नाही म्हणाला म्हणून सभा थांबली, असं वाचायला छान वाटतं. पण मग पुढच्या सभेत तो हो कसा म्हणतो? किंवा बाकीचे त्याच्या बाजूला कसे येतात? मधल्या दिवसांत कोणीतरी त्याच्या अंगणात जाऊन बसलेलं असतं. कदाचित तीनदा. सर्वसहमती म्हणजे कोणीतरी चपला झिजवलेल्या असतात. रामाळा तलावाच्या फेऱ्यांसारख्याच.

या अभ्यास गटाच्या कल्पनेमागे गावाबरोबर एक बाहेरचा माणूस होता, मोहन हिराबाई हिरालाल. आमच्या चंद्रपूरचे. जयप्रकाशजींच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले, 'वृक्षमित्र' संस्थेचे. सर्वांच्या सहमतीने चालणारं गाव शोधत ते मेंढ्याला पोचले आणि मग वर्षानुवर्षं जात राहिले. 2025 च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या नावाकडे बघा. आडनाव नाही. आधी आईचं नाव, मग वडिलांचं. आपल्याला घडवणाऱ्यांत कोणाचं नाव कागदावर येत नाही, हे ओळखून त्यांनी ते स्वतःच्या सहीत घालून टाकलं होतं. महाराष्ट्र सरकारने मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावण्याचा नियम केला तो 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी. हा माणूस कितीतरी आधीपासून तेच करत होता, शाल-श्रीफळ न मागता आणि न देता.

मग 27 एप्रिल 2011 ची गोष्ट. बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार आजवर वनखात्याचा. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला दिलं. ग्रामसभेच्या वतीने ते देवाजी तोफांनी स्वीकारलं. पुस्तक शेवटी कोणाच्या तरी हातातच द्यावं लागतं ना! सगळं गाव मिळून हात पुढे करू शकत नाही. पण त्या पुस्तकाचं मला आवडलं ते वेगळंच. तो सन्मान भिंतीवर लावण्याजोगा नव्हता. पानं फाडून वापरायची होती. ज्या कामासाठी गावाने वीस-पंचवीस वर्षं खटपट केली, त्याच कामाचा अधिकार त्याच्या हातात आला. म्हणजे शाल पांघरून सतरंजीवरून उठवणं नव्हे. माडीच तुमची, असं म्हणणं.

(आता कोणी म्हणेल की मेंढा कुठे आणि तुमचं पंचवीस लोकांचं मंडळ कुठे. मान्य. पण माझ्या हातून यादी चुकली होती, मेंढ्याच्या नाही. मला उत्तर हवं होतं, मग ते जिथे मिळेल तिथे.)

मागच्या शनिवारी काकाजींना गाठलं. तलावाच्या काठावरच. मानपत्राचं नाव काढलं नाही. सरळ विचारलं, "काकाजी, शाल नको म्हणता, मग तुम्हाला काय हवं?" ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "एक चाबी अजून बनवून घ्या. मी आजारी पडलो तं माडी बंद राहीन." हे मला कधीच सुचलं नव्हतं. पुढे म्हणाले, "अन् लिवाचंच असन तं एक वही करा. कोण बोलला ते तं लिवताच. कोणं काय केलं तेबी लिवा. सगळ्याचंच लिवा, एकट्या माह्यं नको."

रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन गेलो. दुसरी किल्ली बनवली होती, ती बल्लारपूरच्या त्या मुलीने स्वतःहून मागून घेतली. सभा संपल्यावर आम्ही सात-आठ जण सतरंजीवरच बसलो आणि मागची वर्षं आठवत गेलो. पहिला माठ कोणी आणला. लॉकडाऊनमध्ये फोनवरून सभा चालू राहाव्यात म्हणून म्हाताऱ्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांना मोबाईल कोणी शिकवला. मूलच्या एका शाळेत स्पर्धा घेतली तेव्हा पोरांना परत सोडायला रात्री दहाला कोण गेलं. दोन गोष्टींवर वादही झाला. एका गृहस्थांचं म्हणणं की माठ त्यांनी आणला होता, दुसऱ्याचं म्हणणं की तो माठ फुटका निघाला. दोन्ही लिहिलं. काकाजींचं नाव आलं तेव्हा ते माठात पाणी आहे का ते बघायला उठले. ते तिकडे असताना मी घाईघाईने दीड पान लिहून घेतलं.

परत आल्यावर त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावून पानं उलटली, स्वतःचं पान बोट न थांबवता ओलांडलं आणि म्हणाले, "माडी झाडते ते बाई कुठं आहे यात?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही जायच्या आधी माडी झाडलेली असते. आमच्यापैकी एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. काकाजींना माहीत होतं. आडनावासकट, आणि तिचा मुलगा भद्रावतीला आयटीआय करतो हेही. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.